जिन्याखालच्या पेटीवर आमचं नाव लावणाऱ्या काकूंना

काकू,

समोर बसून हे बोलायला लागले की तुम्ही उठून चहा ठेवायला जाता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

डिसेंबर 2023 मध्ये आम्ही कोथरूडचं हे घर घेतलं. खरेदीखत झालं, बँकेचे पैसे मालकाच्या खात्यात गेले, इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, आमची नावं लागली. आणि घरात भाडेकरू तसेच. "लिव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार ऑक्टोबरातच संपलाय, आठ दिवसांत निघतील," असं एजंटाने सांगितलं होतं. खरेदीखतात 'रिकामा ताबा दिला' हे वाक्य होतं, आणि घर रिकामं नाही हे माहीत असून आम्ही त्याखाली सही केली, कारण जो तो म्हणत होता की असंच लिहायची पद्धत आहे. दलाली मिळाल्यावर एजंटाने फोन उचलणं सोडलं. जुना मालक म्हणाला, "आता घर तुमचं, भाडेकरूही तुमचाच." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. धायरीच्या घराचं भाडं भरायचं आणि न पाहिलेल्या स्वयंपाकघराचा हप्ताही भरायचा, असे चार महिने काढले आम्ही.

वकिलांनी कायदा सांगितला. मुदत संपूनही राहिलं तर दुप्पट भाडं लागतं, घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. पण करार जुन्या मालकाच्या नावाचा, तेव्हा गुंता आहे, धीर धरा. एका नातेवाइकाने पाणी आणि वीज तोडायचा सल्ला दिला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मनाई आहे हे मला मागाहून कळलं. पण खरं सांगते काकू, एका रात्री मी त्याचाही विचार केला होता.

त्यानंतरच्याच रविवारी मी तिसऱ्यांदा येऊन गेले. बेल वाजवली, आत टीव्ही बंद झाला, दार उघडलं नाही. मी खाली उतरले आणि पत्रपेट्यांपाशी भिंतीला टेकून उभी राहिले. तुम्ही बाहेर आलात. "कोणाकडे आलात?" मला उत्तरच देता येईना. शेवटी म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावरचं ते घर आमचं आहे."

तुम्ही फक्त आडनाव विचारलंत. आत गेलात, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची पट्टी कापून आणलीत, त्यावर आमचं नाव लिहिलंत आणि डिंकाने पेटीवर लावलंत. भाडेकरूंच्या नावावर नाही, त्यांच्या नावाखाली. "तीस वर्षं पोस्टात काढली मी. पेटीवर नाव लागलं की पत्ता झाला. पत्रं इथेच मागवा आता."

एवढंच. पण ज्या घराचा उंबरा मला ओलांडता येत नव्हता, त्या घराच्या पेटीवर माझं नाव होतं. त्या रात्री मला झोप लागली.

आणि त्यांचं नाव तुम्ही झाकलं नाहीत, हे मला घरी गेल्यावर उमगलं. तुम्ही वर जाऊन त्यांच्याकडे बसलात. आमच्यापैकी कोणी ते केलं नव्हतं. त्यांचं दीड लाखाचं डिपॉझिट जुन्या मालकाने दिलंच नव्हतं. त्यांना सांगितलं, नवा मालक देईल. आम्हाला सांगितलं, देऊन झालं. ते पैसे हातात आल्याशिवाय ते दुसरीकडे डिपॉझिट भरणार कुठून? शिवाय मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. मी ज्यांना लबाड समजून शिव्या देत होते, ती माणसं बेल वाजली की घाबरून टीव्ही बंद करत होती.

पुढे तुम्ही त्या मालकाला कसं वळवलंत, ते मला अजून नीट माहीत नाही. तुमच्या हॉलमध्ये आम्हा तिघांना समोरासमोर बसवलंत एवढं आठवतं, आणि तुम्ही आवाज चढवला नाहीत तेही. डिपॉझिट परत मिळालं. परीक्षा होऊ द्यायची, हे मी स्वतःहून म्हटलं. शेवटचा पेपर झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी घर सोडलं. ओटा घासून, पंखे पुसून चावी दिली. 9 एप्रिलला, पाडव्याला, आम्ही गुढी उभारली.

फी घेणारे, दलाली घेणारे, सह्या घेणारे इतके भेटले. दोन्ही बाजूंना तोंड उघडायला जागा देणाऱ्या एकट्या तुम्ही. अशी माणसं प्रत्येक सोसायटीत असतील असं मला आता वाटतं, आणि त्यांचे आभार मानायचे राहून जात असतील असंही वाटतं.

त्या भाडेकरूंची पत्रं अजून अधूनमधून येतात. मी फोन करते, मुलगी सायकलवरून येऊन घेऊन जाते.

पत्रपेट्या बदलून स्टीलच्या बसवणार असं ऐकलं. आमची पेटी काढायच्या आधी मला हाक मारा. ती पट्टी मला हवी आहे, दोन्ही नावांसकट.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची