पाच घ्यायला गेलो, दोन घेऊन आलो

संपादक महोदय,

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि आमच्यासारख्या छोट्या कचेऱ्यांची ऐन दिवाळीच्या तोंडावर धांदल उडाली. मी सासवडच्या एका पतसंस्थेचा व्यवस्थापक. आमच्याकडे पाच संगणक. नेहमी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने पाचही तपासले, प्रत्येकावर विंडोज ११ साठी अपात्र असल्याचा शेरा आला, आणि सगळेच बदला म्हणून तो मोकळा झाला. संचालक मंडळाने अडीच लाखांची मंजुरी दिली. पतसंस्थेची खरेदी म्हटली की तीन कोटेशनं आलीच. दोन ठिकाणी तर मी विचारायच्या आधीच उत्तर मिळालं, "बाकीची दोन लेटरहेडंही आम्हीच देतो साहेब, चिंता नको."

तिसरं दुकान पुण्याच्या तपकीर गल्लीतलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरच थांबायचं. (नाव लिहीत नाही, नाहीतर पत्राची जाहिरात व्हायची.) तिथल्या तरुणाने आकडा सांगण्याआधी विचारलं, "काका, पासबुक कशावर छापता?" तोवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी प्रिंटरचं नाव सांगितलं. "म्हणजे जाड केबलवाला. नव्या मशीनला ते पोर्टच येत नाही. आणि कोटेशन मी माझं एकच देईन, बाकीची दुसरीकडून आणा. पण आधी जुनी मशीनं एकदा दाखवा."

दोन दिवसांनी पाचही डबे गाडीत घालून दिवे घाट उतरलो. तपकीर गल्लीत गाडी लावायला जागा शोधण्यात जो पाऊण तास गेला, तो या पत्रात धरत नाही. त्याने एकेक डबा उघडला. २०१९ साली घेतलेल्या तिघांत आठव्या पिढीचे प्रोसेसर निघाले. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्याने विंडोज ११ ला लागणारी टीपीएम नावाची एक सुरक्षेची सोय चालू केली. घेतल्यापासून ती बंदच होती म्हणे. पुन्हा तपासलं तर अपात्र मशीन पात्र! मी बघतच राहिलो. मग हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी, चार जीबीच्या जागी आठ जीबी रॅम. आमचं विंडोज १० रीतसर घेतलेलं असल्यामुळे ११ त्यावर फुकट चढलं. उरलेली दोन मशीनं फारच जुनी. ती बदलावीच लागतील, असं त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं.

काउंटरवरच्या नव्या मशीनला त्याने प्रिंटरच्या त्या जाड केबलसाठी पॅरलल पोर्टचं वेगळं कार्ड बसवलं. यूएसबीची केबल मिळते, तीच टाका, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "तुमचं सॉफ्टवेअर थेट एलपीटीला, म्हणजे या पॅरलल पोर्टलाच, छापतं. ऐन गर्दीत ती केबल दगा देईल, आणि शिव्या तुम्हाला बसतील." सगळं मिळून बिल एक लाख नऊ हजारांचं, जीएसटीसकट, प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर त्यावर. पुढच्या सभेत मंजूर रक्कम उरली कशी, याचा खुलासा मात्र मला लेखी द्यावा लागला.

निघताना त्याने पाचही जुन्या हार्ड डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवल्या. मी त्या भंगार समजून तिथेच सोडून निघालो होतो. "काका, यात तुमच्या सभासदांचे आधार-पॅन आहेत. माझ्याकडे नकोत."

सध्या ते पुडकं आमच्या तिजोरीत आहे, सोनेतारणाच्या पाकिटांशेजारी.

– एक वाचक, सासवड