रविवारची बैठक : घरात दडलेली गुपितं

सभासदहो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. या वेळी घरगुती रहस्यकथा घेतल्या आहेत. त्यांत पाठलाग, रक्तपात काही नाही. माळ्यावरची ट्रंक, एक चेहरा कापून काढलेला फोटो आणि विशिष्ट नाव निघालं की उठून स्वयंपाकघरात जाणारी आत्या, एवढ्यावर कथा चालते. मला तर हाच प्रकार जास्त धरून ठेवतो.

अशी गुपितं आपल्याही घरांत असू शकतात. आपल्या सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला होता. त्या काळातली एखादी चिठ्ठी, गिरणीचा पास घरात असेल तर जरूर आणा. मोडी लिपीतले जुने कागद मात्र घरीच ठेवा, त्यांचे फोटो पुरेत. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, अक्षरं कायमची जातात.