मान दुखते हे वैमानिकाला उघडपणे सांगता यावं : संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : तिन्ही दलांतल्या वैमानिकांच्या आणि हवाई कर्मचाऱ्यांच्या मानदुखीवर लो लेव्हल लेसर उपचाराची रीतसर चाचणी घेण्याबाबत

महोदय,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं क्लिनिक ज्या गावात आहे तिथे दिवसभर डोक्यावरून लष्करी विमानं आणि हेलिकॉप्टरं जात असतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर माझ्याकडे कोण येतं हे हुडकणं सोपं जाईल, आणि त्यांना नेमकी त्याचीच धास्ती आहे. ही मंडळी संध्याकाळी उशिरा, साध्या कपड्यांत येतात. पैसे रोख देतात, पावती नको म्हणतात. एमआरआयचा विषय काढला की "बघू पुढच्या आठवड्यात" असं म्हणून उठतात. तिशीतली, अंगापिंडाने उत्तम, रोज धावणारी माणसं. पण हाक मारली तर नुसती मान वळत नाही, खांद्यांसकट अख्खा माणूस वळतो.

पालथं झोपवून मानेवर हात ठेवला की बरंच काही कळतं. खांद्याच्या फऱ्याचा वरचा आतला कोपरा असतो, तिथे मानेकडून खाली येणारा स्नायू चिकटतो. त्या जागी बोट दाबलं की गाठ लागते आणि कळ थेट कानामागे जाते. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांमध्ये मला बहुतेक वेळा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ताठ लागते. डावा हात खाली कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा), उजवा मांड्यांमधल्या सायक्लिकवर (दिशा देणारा दांडा), पाठ पुढे वाकलेली, हनुवटी पुढे आलेली, अशा बैठकीत ते तासन् तास असतात, आणि वर अखंड थरथर. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरं मुळात पन्नाशीच्या दशकातल्या फ्रेंच बनावटीवरून आलेली. सियाचेनच्या चौक्यांना याच चीताने वर्षानुवर्षं रसद पोचवली. त्यातल्या आसनाचा विचार करताना वैमानिकाची मान कुणाच्या डोळ्यांसमोर नसणार.

रात्रीच्या उड्डाणात यात नाइट व्हिजन गॉगल्सची भर पडते. गॉगल्सचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पण ते डोळ्यांच्या पुढे लटकलेलं असल्यामुळे डोकं सतत खाली ओढलं जातं. तोल साधायला हेल्मेटच्या मागे आणखी वजन लावतात, म्हणजे मानेवरचं ओझं वाढतंच. त्यात या गॉगल्समधून दिसतं जेमतेम 40 अंशांचं वर्तुळ. एरवी नुसती नजर फिरवून जे दिसलं असतं, त्यासाठी प्रत्येक वेळी मान फिरवावी लागते. मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये दारातून बाहेर वाकून शेपटीकडे आणि जमिनीकडे लक्ष ठेवणारे कर्मचारीही हेच हेल्मेट घालतात. चर्चा वैमानिकांची होते, त्यांची होत नाही, म्हणून विषयात "हवाई कर्मचारी" हा शब्द घातला आहे.

लढाऊ विमानाचं गणित याहून सरळ आणि याहून भयंकर आहे. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्क मिळून दोन किलोच्या घरात. जोरदार वळणावर 9 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर, आला की त्या सात किलोंचे 63 होतात. त्याच क्षणी मागून कुणी येतंय का हे बघायला मान मागे वळवायची असते. मानेचे स्नायू आणि मणक्यांमधल्या चकत्या सर्वांत कमकुवत स्थितीत असताना त्यांच्यावर सर्वांत जास्त भार येतो. आता लक्ष्य दाखवणारी यंत्रणाही हेल्मेटवरच बसवली जाते, म्हणजे मान ही शस्त्राची मूठ झाली आहे. हे सगळं आपल्याला माहीत आहे. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर आपल्याच मुलांना जी सोसायचं शिक्षण दिलं जातं.

2016 मध्ये हवाई दलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या. मे 2022 मध्ये नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमधून लष्कराची पहिली महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक बाहेर पडली. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण स्त्रियांच्या मानेचा घेर आणि स्नायूंची ताकद सरासरीने कमी असते, हेल्मेटचं वजन मात्र तेवढंच राहतं. त्यांच्या मानेची काळजी आजपासून घ्यायला हवी, दहा वर्षांनी नव्हे.

आता उपचाराकडे येते. इतर कुणाची मान आखडली तर डॉक्टर स्नायू सैल करणारी गोळी देतात, दोन दिवस झोप काढा म्हणतात. वैमानिकाला ती सोय नाही. गुंगी आणणारी गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसता येत नाही. गोळीविना होणारा प्रत्येक परिणामकारक उपचार त्यामुळे त्याच्यासाठी दुप्पट मोलाचा ठरतो, आणि लो लेव्हल लेसरकडे म्हणूनच गांभीर्याने बघायला हवं असं मला वाटतं.

हा शस्त्रक्रियेत कापणारा लेसर नव्हे. मिलिवॅटमध्ये मोजावी लागते इतकी कमी याची ताकद, आणि मानेसाठी वापरतात तो प्रकाश बहुधा 830 किंवा 904 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. प्रोब, म्हणजे मशीनचं हातात धरायचं टोक, दुखऱ्या बिंदूवर टेकवून काही सेकंद धरायचा, मग पुढचा बिंदू. पेशंटला चटका बसत नाही, फारशी ऊबही जाणवत नाही. 1967 मध्ये बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांना मंद लेसरने उंदरांच्या अंगावरचे केस लवकर वाढतात असं दिसलं, तिथून या अभ्यासाला सुरुवात झाली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं, त्यातून सूज आणि वेदनेचे संदेश कमी होतात, असं आज मानलं जातं.

पुरावा किती? 2009 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक आढावा छापून आला. त्यात मानदुखीवरच्या 16 चाचण्या होत्या, एकूण 820 पेशंट. नव्या मानदुखीत उपचारानंतर लगेच आराम दिसला. जुन्या मानदुखीत तो आराम उपचार संपल्यावर 22 आठवड्यांपर्यंत टिकला. शंभरच्या मोजपट्टीवर वेदना सुमारे 20 ने उतरली होती. दुष्परिणाम किरकोळ, खोटा लेसर लावलेल्यांपेक्षा वेगळे नाहीत. मी क्लिनिकमध्ये हा उपचार करते तो याच आधारावर. मात्र 2013 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका आढाव्याने हेच चित्र तपासून निष्कर्ष काढला की चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांच्यात त्रुटी आहेत, ठाम काही सांगता येत नाही. आणि या आढाव्यांचे आकडे सामान्य पेशंटांचे आहेत. 9 जी सोसलेल्या मानेला ते जसेच्या तसे लावणं बरोबर नाही.

म्हणून महोदय, उद्यापासून प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये लेसरची मशीनं बसवा असं मी म्हणत नाही. तशी मागणी करणारं एखादं पत्र मशीन विकणाऱ्यांकडून आपल्याकडे येईलही. मी मागते आहे ती चाचणी.

ही चाचणी आपल्या देशात उत्तम होऊ शकते. बेंगळुरूची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आणि पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय या दोघांनी मिळून ती हाती घ्यावी. पुण्यातच लोहगावला सुखोई आहेत, नाशिकला हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण आहे, गोव्याला आयएनएस हंसावर नौदलाची विमानं आहेत. तिन्ही दलांची माणसं महाराष्ट्र आणि गोव्याच्या अंतरात मिळतील. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये आधीच व्हावी, म्हणजे निकाल मनासारखा आला नाही म्हणून तो दडपला जाणार नाही. लेसरचा एक मोठा फायदा असा की तो लागतोय की नाही हे पेशंटला कळत नाही. अर्ध्यांना खरा आणि अर्ध्यांना बंद प्रोब लावला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मसाज किंवा ट्रॅक्शनची (मान ताणून धरण्याची) अशी निर्भेळ परीक्षा कधीच घेता येत नाही.

व्यायाम मात्र दोन्ही गटांना द्यावाच लागेल, कारण त्याच्याबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे. डेन्मार्कमध्ये एफ-16 च्या वैमानिकांना 24 आठवडे मानेचे आणि खांद्यांचे ठरावीक व्यायाम देऊन पाहिले, त्यांची मानदुखी कमी झाली. स्वीडनमध्ये हेलिकॉप्टर वैमानिकांवर असाच प्रयोग झाला. नाटोने तर वैमानिकांच्या मानदुखीवर स्वतंत्र अभ्यासगट नेमला होता. लेसरने दुखणं उतरवायचं आणि त्या उसंतीत स्नायू मजबूत करून घ्यायचे, असा क्रम मला योग्य वाटतो. नुसता लेसर लावून पाठवलेला पेशंट पुन्हा येतोच.

दोन गोष्टींवर आपल्या अधिकाऱ्यांनी अजिबात तडजोड करू नये. पहिली मात्रेची. शंभर मिलिवॅटचा प्रोब चाळीस सेकंद धरला तर चार ज्यूल जातात, पण तो प्रोब खरंच शंभर मिलिवॅट देतोय का हे बाहेर क्वचितच कुणी मोजतं. प्रोबमधला लेसर सोडणारा डायोड जुना झाला की निम्म्यावर येतो आणि मशीनच्या पडद्यावर आकडा तोच दिसत राहतो. कमी मात्रेने काही होत नाही, आणि जास्त मात्रेनेही परिणाम नाहीसा होतो. पॉवर मीटरने दर आठवड्याला तपासणी झाली नाही तर सगळी चाचणी वाया जाईल. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे लेसरचं ज्ञान आहे, त्यांना या कामात घ्यावं. दुसरी गोष्ट डोळ्यांची. प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला झालेली इजा भरून येत नाही. योग्य तरंगलांबीचा चष्मा पेशंटच्या आणि उपचार करणाऱ्याच्या डोळ्यांवर असल्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये. वैमानिकाची मान बरी करताना त्याच्या नजरेशी खेळ चालणार नाही.

पण ज्या कारणाने हे पत्र लिहायला बसले ते वेगळं आहे. चाचणीला माणसं पुढे येणार कशी? नियमात काय लिहिलंय यापेक्षा तरुण अधिकाऱ्याच्या मनात काय बसलंय ते महत्त्वाचं. त्याच्या मनात हे बसलंय की डॉक्टरांसमोर "मान दुखते" म्हटलं की ए-वन जी-वन, म्हणजे उड्डाणासाठी पूर्ण तंदुरुस्त हा वैद्यकीय शेरा, गेला, कॅटेगरी खाली आली, सॉर्टी म्हणजे उड्डाणं बंद झाली, आणि बरोबरचे पुढे निघून गेले. म्हणून तो गप्प राहतो. आधी मान अवघडते, मग कळ खांद्यात उतरते. दोन वर्षांनी अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या की माझ्याकडे येतो. पहिल्या महिन्यात चार व्यायाम आणि थोड्या उपचाराने आटोपलं असतं, त्याला आता शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. मी पाठवते, तो जात नाही. असे लोक आजही उडत आहेत, आणि ज्याला मागे वळून बघता येत नाही तो वैमानिक स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवाला धोका आहे, हे त्यालाही कळतं.

यावर आदेश एवढाच हवा : मानदुखी पहिल्यांदा सांगणाऱ्या हवाई कर्मचाऱ्याची, हातात सुन्नपणा किंवा अशक्तपणा नसेल तर, ठरावीक मुदतीपर्यंत वैद्यकीय कॅटेगरी बदलली जाणार नाही. त्या काळात त्याला उडवायचं की नाही हे स्क्वाड्रनचे डॉक्टर रोजच्या तपासणीवरून ठरवतील आणि उपचार तळावरच सुरू होतील. मुदत किती असावी हे एव्हिएशन मेडिसिनच्या तज्ज्ञांनी ठरवावं. प्रत्येक उड्डाण तळावर एक पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट असावा, म्हणजे सकाळच्या ब्रीफिंगआधी वैमानिक तिथे डोकावू शकेल आणि त्यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

खर्चाचा मुद्दा निघेल म्हणून सांगते. चांगलं लेसर मशीन काही लाखांत येतं. एक लढाऊ वैमानिक घडवायला किती कोटी लागतात हे आपल्या मंत्रालयाइतकं कुणाला ठाऊक नाही.

सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडून आपण या विषयावर टिपण मागवावं, ही विनंती. त्यात गेल्या पाच वर्षांत मानेच्या दुखण्यामुळे किती हवाई कर्मचाऱ्यांची कॅटेगरी उतरली आणि त्यातले किती जण परत उडू लागले, हे दोन आकडे दलनिहाय मागवावेत. हेलिकॉप्टरचे आणि लढाऊ विमानांचे आकडे वेगळे असावेत, वैमानिकांखेरीज इतर कर्मचाऱ्यांचेही. माझ्याकडे येणाऱ्यांची नावं मी कुणालाच देणार नाही. पण नावं वगळून लिहिलेल्या उपचाराच्या नोंदी, बिंदू, मात्रा आणि मान किती अंश वळली याच्या मोजमापासह, चाचणीची आखणी करणाऱ्यांना हव्या असतील तर मी त्या पुण्याला किंवा बेंगळुरूला स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट