समकालीन दागिने व शिल्पवस्तू कलादालनाकडे पाठवण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, विक्रीसाठी दालनाकडे सोपवावयाच्या दागिन्यांची व शिल्पवस्तूंची बांधाबांध येत्या रविवारी सकाळी नेहमीच्या जागी केली जाईल.

प्रत्येक वस्तूसोबत धातू, वजन, शुद्धता आणि अपेक्षित किंमत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी असते, म्हणून नुसते ‘चांदी’ लिहून भागत नाही. हॉलमार्क केलेला सोन्याचा दागिना १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय) विकता येत नाही, हेही ध्यानी असावे. दालनाचे कमिशन आणि न विकलेली वस्तू परत मिळण्याची मुदत लेखी घेतल्याखेरीज कोणीही वस्तू हवाली करू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

गेल्या खेपेस मी स्वतः चांदीची तार आणि सोलापुरी चादरीचे सूत गुंफून केलेला ब्रूच वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला आणि डाग देऊन (धातू वितळवून) जोडलेला सांधा वाटेतच निखळला. तेव्हा मऊ सुती कापड व पुठ्ठ्याची पेटी वापरावी.

अॅमस्टरडॅमच्या ‘गॅलरी रा’ या दालनाने १९७६ पासून अशा समकालीन दागिन्यांना कलाकृतीचा मान दिला, आपल्या कामालाही तोच मान मिळावा, म्हणून वस्तूच्या मागील बाजूस करणाऱ्याचे नाव अवश्य कोरावे.