सोलरवाला मंगळवारी येतोय

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, आणि आई रेवाने काय खाल्लं ते विचारायला लागते. म्हणून कागद. कागद बाबा दोनदा वाचतात, दुकानाची चोपडी वाचायचे तसा, बोट फिरवत.

जूनमधल्या त्या वादळाच्या रात्री काय झालं ते मला कळलंय. समोरच्या काकूंच्या तोंडून निसटलं, त्यांना काही बोलू नका. संध्याकाळी पाचला गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी नऊला आली. बाबा टॉर्च दातात धरून गच्चीवर टाकी बघायला चढले आणि जिन्यात घसरले. आणि आई, तू इन्सुलिनची पेनं वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलीस, कारण तिथे अजून गारवा होता. सकाळी लाईट आली आणि पेनं तिथेच राहून गोठली. पुढचे आठ दिवस तू तीच टोचत होतीस. शुगर २८०, मग ३१०. मी विचारलं तर म्हणालीस, आंबे खाल्ले. मी तुला आंब्यांवरून केवढी रागावले! सात मिनिटांचा फोन होता, मी काढून बघितला. तो राग मला परत घ्यायचाय, पण कसा घेतात ते माहीत नाही.

एकदाच सांगते, मग नाही बोलणार. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्यात दम राहत नाही. ते फेकायचं, पैसे गेले तरी. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. वापरातलं पेन मात्र बाहेर ठेवलं तरी बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस चालतं, खोली ३० अंशांच्या आत असेल तर. तुझ्या पेनाचं खोक्यावर लिहिलंय, रेवाने मोठ्या अक्षरांत उतरवून दिलंय, ते फ्रीजला चिकटव. लाईट गेली तर आधी काही करायचंच नाही. फ्रीजचं दार उघडलं नाही तर तीन-चार तास आतला गारवा टिकतो. (बाबा, दर दहा मिनिटांनी उघडून "अजून गार आहे" असं बघायचं नाही.) त्याहून जास्त वेळ गेला तर पेनं कोरड्या स्टीलच्या डब्यात घालायची आणि डबा ओल्या माठाच्या बुडाशी, वाळूत. पाण्यात नाही. माठ झिरपतो म्हणून गार होतो, हे तूच मला शिकवलंस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तिकडे नाशकात, सातपूरच्या प्लँटमध्ये जागा निघाली होती. एप्रिलमध्ये मला विचारलं. मी नाही म्हणून कळवलं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही "अगं, आमच्यासाठी नको येऊस" म्हणाला असता, आणि मला ते ऐकून बरं वाटलं असतं. रेवा यंदा दहावीत आहे. नितीनची कंपनी घरून काम करू देत नाही. फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. सातपूरला पाळ्या तीन, म्हणजे त्या रात्री मी नाशकात असते तरी कदाचित कंपनीतच असते. ही सगळी कारणं खरी आहेत. एवढी मोजावी लागतात, तेच खटकतं. आणि तुम्ही इकडे येणार नाही हे तर ठरलेलंच. मागच्या वेळी बाबा अकराव्या दिवशी पिशवी घेऊन शिवाजीनगरच्या स्टँडवर जाऊन बसले होते.

मी तिथे नाही आणि पाच तासांच्या आत पोचत नाही. मग घराला एवढं तरी जमलं पाहिजे, की माझ्यावाचून आठवडा निभावेल.

मंगळवारी दहाला सोलरवाला येतोय. पैसे दिलेत. त्याला चहा द्या आणि परत पाठवू नका. तीन किलोवॅटचे पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. बाबा म्हणतील, शेजारच्यांकडे आहे की सोलर, त्या रात्री तेही अंधारातच होते. बरोबर आहे. साधा सोलर बाहेरची लाईट गेली की आपोआप बंद पडतो, मुद्दामच तसा केलेला असतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातल्या विजेचा झटका बसेल. हायब्रिडला बॅटरी असते, तो घर बाहेरच्या तारेपासून तोडून घेतो आणि मग आतलं चालू ठेवतो. फ्रीज, दोन पंखे, दिवे, फोन, एवढं रात्रभर निघेल. मोटर आणि गिझर त्यावर टाकायचे नाहीत. मोटर सुरू होताना एकदम कितीतरी पट ओढते. उन्हाच्या दिवशी बारा-एक युनिट तयार होतात, म्हणजे बिलाचंही बघा. मीटर बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान बाबांच्याच खात्यात जमा होईल. ते मला परत पाठवायचा उद्योग करू नका. मागच्या महिन्यात "बाबा, ओटीपी सांगा" म्हटलं होतं ना, तो यासाठीच होता. काही न विचारता इतक्या पटकन सांगितलात, त्यावर वेगळं पत्र लिहिणार आहे.

पॅनल पुसायला महिन्यातून दोनदा मुलगा येईल. बाबांनी गच्चीवर चढायचं नाही. टाकी भरली की वाजणारी आणि मोटर बंद करणारी पेटी बसवतेय. तुमचं टाकीवर टकटक करून आवाजावरून पाणी ओळखणं मी मिस करेन, पण ते खालून करा.

पाण्याचं आई जास्त चांगलं जाणते. नळ येतो तेव्हा वीज नसली तर वर काहीच चढत नाही, आणि पूर असला की येतं ते गढूळ. दोघांना पिणं-स्वयंपाक मिळून रोजचे दहा लिटर धरले, तर आठवड्याला सत्तर. वीस-वीस लिटरचे दोन जार आणि ते दोन तांब्याचे हंडे. हो, तेच. दुकान बंद करताना वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले, रेवाच्या लग्नासाठी. बाबा, रेवा म्हणते तिला लग्नात हंडे नको आहेत, आजोबा हवे आहेत. काढा ते, चिंचेने घासा, त्यांत पाणी भरा. पत्र्याखालचं पावसाचं पिंप मात्र छान आहे. दोनशे चौरस फूट पत्रा, १० मिलिमीटर पाऊस पडला तरी हिशोबाने १८०-८५ लिटर. संडास-बादलीला तेच वापरा. पिऊ नका, ते रंगाचं पिंप आहे. तोंडाला फडकं बांधा, डास होतात.

खाण्याचं मी काही सांगणार नाही. आईच्या कोठीपुढे मी काय बोलणार? भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, पोहे, मूगडाळ. लहानपणी लाईट गेली की कंदिलाच्या उजेडात मेतकूट-भात मिळायचा आणि आई पदराने वारा घालायची, म्हणून मला लाईट जावीशी वाटायची. परवा इथे गेली तर रेवा म्हणाली, "आई, वायफाय कधी येणार?" फक्त दोन गोष्टी. गव्हात पूर्वीसारखं एरंडेल आणि कडुलिंब. कोणी त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सुचवल्या तर घरात येऊ द्यायच्या नाहीत, त्यांचा वायू माणसं मारतो. आणि उशाशी साखरेची छोटी डबी. घाम फुटून हातपाय कापले तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी शुगर परत बघायची. जेवणाची वाट बघायची नाही.

बाबा, गॅसचा वास आला की काडी ओढून कुठून येतोय ते बघायची तुमची पद्धत आजपासून बंद. साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो, म्हणून दारं उघडायची आणि कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. १९०६ गळतीसाठी, १०८ अ‍ॅम्ब्युलन्सला. फोनच्या वरच्या भिंतीवर लिहा. भिंत खराब झाली तर मी रंगवून देईन.

रागावलात का? मी हे लिहिताना जरा जास्तच मास्तरीण झाले. तुम्ही दोघांनी २००८ ला दुकानात कमरेएवढ्या पाण्यातून काय काय वर काढलंत ते मी विसरलेले नाही. तेव्हाही मला फोनवर "थोडं पाणी आलंय" असंच सांगितलं होतंत.

बाबा, मी सहा-सात वर्षांची असेन. गोदावरीचा पूर बघायला मला खांद्यावर घेऊन होळकर पुलावर गेला होतात आणि पात्रातल्या मूर्तीकडे बोट दाखवून विचारत होतात, "सांग, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" मी म्हटलं गुडघ्याला, तुम्ही म्हणालात नीट बघ. अजून पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मी फोन करते, आणि तुम्ही दरवेळी "गुडघ्यालाच आहे गं" म्हणता. यंदा छातीला लागलं, तर छातीला म्हणा.

तुमची,
चिऊ

ता. क. सोलरवाल्याला जिन्याची चावी लागेल. ती देव्हाऱ्यामागे आहे की बाबांनी परत लपवली आहे? दादाला विचारलं तर तो म्हणतो, त्यालाही माहीत नाही.