देणगी द्या, पण लढा कसा लढायचा ते सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२० ला अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला त्यानंतर अमेरिकेतल्या बड्या फाउंडेशननी वर्णभेदाविरुद्धच्या चळवळींना किती कोटी दिले याच्या बातम्या आपल्याकडेही भरपूर आल्या. त्या वाचून वाटतं की चळवळ श्रीमंतांच्या पैशावरच उभी राहते, ते मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराचा बस बहिष्कार घ्या, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा. १९५५ च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस काळी माणसं बसमध्ये चढली नाहीत, मग कामावर जायला गाड्या लागल्या, पेट्रोल लागलं, इन्शुरन्स लागला, एवढा पैसा आला कुठून? जॉर्जिया गिलमोर म्हणून एक स्वयंपाकीण होती, तिने बायका जमवल्या, चिकन तळायचं, केक करायचे, विकायचे आणि जमलेले पैसे सभेत नेऊन द्यायचे. नाव बाहेर फुटलं तर नोकरी जाणार म्हणून ग्रुपचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, पैसे कुठून आले विचारलं तर कुठूनच नाही! गिलमोरबाईंनी पुढे बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात त्यांच्या बाजूने साक्ष दिली, त्यांची नोकरी गेलीच, तर त्या घरूनच जेवण करून विकायला लागल्या आणि बहिष्काराला मदत चालूच ठेवली. याच्याहून मोठं दान कुठलं?

मोठा पैसा नकोच असं नाही म्हणत मी. १९६४ मध्ये गायक हॅरी बेलाफॉन्टे आणि नट सिडनी पॉइटिये बॅगेत सुमारे ७० हजार डॉलर रोख घेऊन मिसिसिपी राज्यात ग्रीनवूडला गेले, मागे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीच्या गाड्या लागल्या तरी गेले, आणि काळ्यांची मतदार नोंदणी करणाऱ्या पोरांच्या हातात पैसे दिले. पैसे कसे वापरायचे ते त्या पोरांनी ठरवलं.

उलट उदाहरणही आहे. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठीची संघटना आधी लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने काळ्यांना ठार मारण्याविरुद्ध, जोरात लढत होती, नंतर गारलँड फंड या देणगी देणाऱ्या संस्थेचा पैसा आला आणि त्यांचा भर शाळांमधल्या वर्णभेदाच्या केसेसकडे वळला असं काही अभ्यासक सांगतात. त्यातून सरकारी शाळांत काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं ठेवणं बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल आला हे खरं, फार मोठी गोष्ट आहे ती, पण लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ उजाडलं!

म्हणून तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना, ज्यांच्या कंपन्या देणगीत तेवढीच भर घालतात त्यांना तर खासच, विनंती आहे की अशा संघटनांना देताना ‘अमुक प्रोजेक्टसाठीच’ अशी अट घालू नका, अटक झालेल्या कार्यकर्त्यांच्या जामिनाला, ऑफिसच्या भाड्याला, पगाराला, जिथे लागेल तिथे वापरू द्या. आणि एकदाच देऊन थांबू नका, दरवर्षी द्या.

एक वाचक, सांगली