खोडदची दुर्बीण फक्त रेल्वेच्या वादापुरतीच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुणे-नाशिक रेल्वेच्या बातम्यांत खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे नाव येते ते मार्गातला अडथळा म्हणूनच. रेल्वे नारायणगावावरून जावी असे मलाही वाटत होते. इथल्या टोमॅटोच्या बाजारात ज्याने एकदा गाडी अडकवली आहे, त्याला कारण सांगायला नको. पण 45 मीटर व्यासाच्या त्या 30 अँटेनांना रेडिओलहरींच्या गोंगाटापासून एवढी शांतता कशासाठी लागते, हे कोणीच लिहीत नाही.

याचे एक उत्तर कृष्णविवरांपाशी आहे. कृष्णविवराकडे ओढला गेलेला सगळाच वायू आत पडत नाही. काही भाग जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपात बाहेर फेकला जातो. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओलहरी सोडतात. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थंडावतात, म्हणून जुन्या झोताची खूण शेवटी कमी वारंवारतेच्या लहरींतच उरते. नेमक्या याच लहरी खोडदला टिपल्या जातात. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी), तप्त वायूच्या ढगाला एक प्रचंड खळगा पडल्याची शंका क्ष-किरणांच्या निरीक्षणांवरून आली होती. पण तो झोताने पाडला असेल, तर त्याला लागणारी ऊर्जा अविश्वसनीय वाटत होती. 2020 मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीच्या नोंदींत तोच खळगा रेडिओलहरींनी भरलेला दिसला आणि शंका फिटली.

मला स्वतःला दीर्घिकेच्या आतल्या वायूचे काय होते ते अधिक विलक्षण वाटते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जे2345-0449 या सर्पिल दीर्घिकेचे झोत जगापुढे आणले. त्यांचा पसारा सुमारे 50 लाख प्रकाशवर्षांचा आहे. ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे थंड वायू तिथे भरपूर आहे, तरी नवे तारे फारच कमी जन्मतात. झोत वायूला सतत ढवळत राहतात, त्यामुळे तो आकसून तारे घडत नाहीत, असे निरीक्षणे सुचवतात. आयसी 5063 या दीर्घिकेत तर झोत तिच्या चकतीतच आडवा घुसला आहे, उसाच्या फडात पाण्याचा लोंढा शिरावा तसा. वाटेतला वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने उधळला जातो. संगणकीय प्रतिरूपे तर सांगतात, की दुबळा झोत वायूत अडकून पडतो आणि तिथेच जास्त काळ धुमाकूळ घालतो. आणि याच्या अगदी उलटही घडते. एनजीसी 541 या दीर्घिकेच्या झोताचा धक्का बसलेल्या वायूत नवे तारे जन्मलेले दिसतात.

आपल्या पानांवर कृष्णविवर येते ते सगळे गिळणाऱ्या राक्षसाच्या चित्रासह. यंदा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडद लोकांसाठी खुले असेल तेव्हा आपला प्रतिनिधी जरूर पाठवा. रेल्वेचे प्रश्न त्याने त्या दिवसापुरते बाजूला ठेवावेत आणि झोतांविषयी विचारावे, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)